फेस आला पाहिजे

कारखान्यात त्याला सगळे 'पन्नास टक्के' म्हणत. एक तर तो जो माल बनवायचा, त्याच्या पिंपावर तसं छापलेलंच असे : बेंझाल्कोनियम क्लोराईड, पन्नास टक्के. आणि दुसरं म्हणजे तो कुठलंही वाक्य निम्मंच बोलायचा. उरलेलं निम्मं समोरच्याने समजून घ्यायचं, नाही समजलं तर तो समोरच्याच्या नशिबाचा भाग. नोकरीला सव्वीस वर्षं झाली होती, लग्नाला चोवीस, आणि दोन्हीकडे त्याचा हाच खाक्या होता. कारखान्यात यामुळे त्याला शहाणा समजत आणि घरी घुम्या.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. मधोमध माणसाच्या दीडपट उंचीचा स्टीलचा बंद रिॲक्टर, त्याला सगळे हंडा म्हणत. कोपऱ्यात काचेची खोली, ती प्रयोगशाळा. वरच्या मजल्यावर मालक, त्यांचा टेबलपंखा आणि त्यांच्या काळज्या. हंड्यातून एकच माल निघायचा, फिकट पिवळा, मधापेक्षा जरा पातळ. जंतू मारणं हा त्याचा धंदा. तो दवाखान्यांच्या फरशीवर जायचा, पोहण्याच्या तलावात जायचा, आणि अगदी कणभर, डोळ्यांत घालायच्या औषधातही जायचा, औषध नासू नये म्हणून. म्हणजे गावातले निम्मे लोक कधी ना कधी त्याच्या हातच्या मालावरून चालले होते. त्यांना याचा पत्ता नव्हता, आणि हा आपणहून सांगायला जाणाऱ्यातला नव्हता.

माल बनवायची रीत सांगायला सोपी आहे. दोन द्रव लागतात. एकाला शिळ्या मासळीचा वास येतो. दुसऱ्याचा एक थेंब हवेत उडाला तरी माणूस सख्खं कुणी गेल्यासारखा रडतो. पहिला पाण्याबरोबर हंड्यात घालायचा आणि साठ अंशांपर्यंत गरम करायचा. मग दुसरा वरून हळूहळू सोडायचा. दोघांची गाठ पडली की हंडा आपोआप तापायला लागतो, तेव्हा वाफ बंद करून भोवतीच्या कप्प्यात गार पाणी फिरवायचं. काटा ऐंशीच्या वर जाऊ द्यायचा नाही. घाई केली तर माल करपून तपकिरी होतो. धीर धरला तर चार-पाच तासांनी मासळीचा वास जातो. वास गेला म्हणजे दोघांचं एकदाचं जमलं. रीत एवढीच आहे, पण पाच तास एका काट्याकडे बघत उभं राहणारी माणसं दुर्मीळ असतात, आणि मालकांना असा एकच मिळाला होता.

शेवटी तो जे करायचा ते कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. काचेच्या नळीत मालाचे चार थेंब घ्यायचे, वर पाणी घालायचं, तोंडावर अंगठा ठेवून तीनदा हलवायचं. माल कच्चा असेल तर पाणी तेलकट गढूळ दिसतं आणि फेस बसतो. माल झाला असेल तर पाणी काचेसारखं आणि वर बोटभर फेस, हलायला तयार नाही. मग तो नळी काचेच्या खोलीतल्या बाईंकडे द्यायचा आणि म्हणायचा, "हा आता..." बाई वयाने त्याच्या मुलीएवढ्या होत्या, पण रीतसर शिकलेल्या होत्या. त्या नीट मोजून आकडा काढायच्या. त्यांच्या आधीच्यांचे आकडे धरूनही सव्वीस वर्षांत फेस आणि आकडा दोनदाच जुळले नाहीत, आणि दोन्ही वेळा मोजण्यातच चूक निघाली होती. ही गोष्ट तो स्वतः कधी सांगत नसे. दुसरं कुणी सांगत असलं की तिथून हलत मात्र नसे.

बायको याच्या अगदी उलट. ती निम्मं वाक्य ऐकून दीड वाक्य परत करायची. चाळीस खाटांच्या एका दवाखान्यात ती सफाईची मुकादम होती, हाताखाली आठ बायका. दवाखान्यात तिच्या तोंडाला कुणी लागत नसे, मोठे डॉक्टरसुद्धा ओल्या फरशीवरून तिची परवानगी घेऊन जात. आठ महिन्यांपूर्वी तिनेच डॉक्टरांच्या मागे लागून जुनं फिनेल बंद करवलं आणि नवऱ्याच्या कारखान्याचा माल सुरू करवला. "ह्यांच्या हातचा आहे," असं ती रुग्णांना सांगायची, त्यांना भेटायला आलेल्यांना सांगायची, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही सांगून झालं होतं. नवऱ्याचं कौतुक ती तोंडावर कधी करत नसे, दवाखान्यात मात्र हातचं राखून ठेवत नसे.

आणि त्याच दवाखान्यातून तक्रार आली.

मालकांनी त्याला वर बोलावलं. पंखा बंद होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. शस्त्रक्रियेच्या वॉर्डातल्या फरशीवर बोळा फिरवून काचेच्या बशीत ठेवला की दुसऱ्या दिवशी त्यात ठिपके उगवत होते. जंतूंचे. दोन महिन्यांपूर्वी ही तपासणी सुरू झाली, तेव्हापासून हेच चाललं होतं. दोन रुग्णांचे टाके पिकले होते. एक तरुण होता, तो तीन दिवसांत निभावला. दुसरा म्हातारा सुतार, हर्नियासाठी आलेला. चौथ्या दिवशी घरी जायचा तो अजून सात नंबरच्या खाटेवर होता, वरचे अकरा दिवस झाले होते.

"पत्र वाच," मालक म्हणाले. "माल खराब असेल तर माल बंद. सफाई खराब असेल तर मुकादम बदलणार. परवा बैठक आहे."

"मुकादम म्हणजे..."

"माहीत आहे मला मुकादम म्हणजे कोण ते. म्हणून तर तुला बोलावलं. बॅचवर सही तुझी आणि झाडू तुझ्या घरचा. आता दोघांपैकी कुणाचं चुकलं ते बघून ये."

तो बाईंना घेऊन दवाखान्यात गेला. बायको तिसऱ्या मजल्यावर पदर खोचून उभीच होती. तिला बैठकीची धास्ती नव्हती. आपलं काम चोख आहे आणि नवऱ्याचा माल चोख आहे, मग दोष इमारतीचा असणार, असा तिचा सरळ निष्कर्ष होता. बाईंनी पिंपातून नमुना घेतला. मग म्हणाल्या, "काकू, फरशीला वापरता ते बादलीतलं पाणी पण द्या थोडं."

"थोडं कशाला, हवं तेवढं घ्या. आत्ताच कालवलंय."

तिने बादली पुढे सरकवली. पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि वर वीतभर फेस होता. त्याने वाकून तो फेस पाहिला. एक झाकण माल बादलीभर पाण्यात टाकला तर पाणी स्वच्छच राहतं, फेस जेमतेम कडेला. बादलीत हा असला डोंगर उभा राहायचं काही कारणच नव्हतं.

"हे पाणी..." तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही."

बाईंनी बाटली भरून घेतली.

प्रयोगशाळेत मोजायची पद्धत अशी की नळीत खाली एक जड द्रव, वर पाणी, त्यात नमुना आणि एक निळा रंग. मग थेंब थेंब साबणाच्या जातीचं एक द्रावण सोडत जायचं. कारण हा माल आणि साबण एकमेकांना अशी मिठी मारतात की दोघंही कामातून जातात. सगळा माल संपला की साबण उरतो आणि निळा रंग वरून खाली उतरतो. किती थेंब लागले त्यावरून माल किती होता ते कळतं. पिंपातल्या नमुन्याचा आकडा आला पन्नास पूर्णांक एक. मग बाईंनी बादलीचं पाणी घेतलं, निळा रंग टाकला, हलवलं आणि एकही थेंब सोडायच्या आधीच रंग तळाशी जाऊन बसला.

बाईंनी नळी उजेडात धरली. "यात माल शून्य आहे, काका. नुसता साबण आहे. कोण टाकतं?"

तो काट्याकडे बघावं तसा नळीकडे बघत राहिला.

"काकू?"

त्याने मान निम्मी हलवली.

"मी खोटं लिहिणार नाही," बाई म्हणाल्या. "पिंपाचा आकडा सगळ्यांना देईन. बादलीचा कागद पर्समध्ये ठेवते. कुणी विचारलं तर काढीन. पण परवापर्यंत तुम्ही काकूंशी बोला. त्या वॉर्डात माणसं झोपली आहेत. ते पाणी आजच बंद झालं पाहिजे."

घरी जाताना त्याला आठवलं. पहिलं पिंप दवाखान्यात पोचलं त्या दिवशी जेवताना तिने विचारलं होतं, "तुमचा माल चांगला झाला हे तुम्हाला कळतं कसं?" प्रश्नाने त्याला इतका आनंद झाला होता की तो लगेच म्हणाला होता, "फेस आला पाहिजे." पुढचं वाक्य होतं की तो मालाचा पाहिजे, साबणाचा अजिबात नाही, साबण लागला तर माल मेला. ते त्याने घासाबरोबर गिळलं. तिने पुढे बादलीत पाहिलं तर फेस नाही. नवऱ्याच्या मालाला फेस नाही हे आठ बायकांसमोर तिला खपण्यासारखं नव्हतं. तिने कपड्यांच्या पावडरीची मूठ टाकली. पाणी पांढरं झालं, आणि फिनेलचं पाणीही पांढरंच व्हायचं, म्हणजे शंकेला जागाच उरली नाही.

तिने दार उघडलं तेच बोलत. "सात नंबरच्या आजोबांना आज परत ताप. मी त्यांच्या खाटेखालून दोनदा पुसून घेतलं. आता दोन मुठी टाकते."

"ती पावडर..."

"संपली होती, नवीन काढली. बिचारे म्हणतात, आता शरीरच साथ देत नाही. डॉक्टर पण म्हणाले, वय झालं की जखम भरत नाही. मला बघवत नाही हो. रोज जाते, उशी सरळ करून देते, दुसरं काय करणार?"

तिचे डोळे भरून आले होते. ती तिखटजाळ, पण परक्या माणसाच्या तापाने तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तिला आता सांगायचं की तो ताप तूच मुठीने टाकतेस, हे त्याला जमेना. मग त्याने तोवरच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लबाडी केली. "बादलीत आता नुसता माल टाक," तो म्हणाला. "मालकांनी सांगितलंय. तपासणी होईपर्यंत."

"नुसता? फेसाशिवाय?"

"तपासणी होईपर्यंत."

तिने नाक मुरडलं, पण मालकांचा हुकूम म्हणून ऐकलं. दोन दिवस वॉर्डात पावडर पडली नाही. त्या दोन दिवसांत त्याने ठरवून टाकलं. तिची मुकादमी जाऊ द्यायची नाही. फेसाचं खूळ त्याने घातलं होतं, तेव्हा दोष त्याने घ्यायचा. हे ठरवताना त्याला फार वाईट वाटलं. हंड्याखेरीज त्याच्याजवळ अभिमान वाटावा असं काही नव्हतं, आणि आता तोच स्वतःच्या तोंडाने बाद करायचा होता.

बैठक डॉक्टरांच्या खोलीत होती. डॉक्टर, मालक, बाई, तो आणि धुतलेला डगला घालून त्याची बायको. बाईंनी पिंपाचा आकडा सांगितला. डॉक्टर म्हणाले, "माल चांगला आहे, मग फरशीवर जंतू कसे?" आणि त्यांनी मुकादमाकडे पाहिलं.

तो उभा राहिला. "हे पिंप चांगलं आहे. आधीची दोन खराब गेली. मी पाच तास थांबलो नाही, माल कच्चाच उतरवला. कारखान्याची चूक नाही, सफाईची नाही, माझी आहे."

खोलीतल्या कुणीही त्याला एका दमात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मालकांच्या हातातलं पेन खाली पडलं. बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. आणि इथे हा प्रकार मिटलाही असता, पण बायकोच्या दीडशे टक्क्यांचा हिशेब तो विसरला होता.

"मला वाटलंच होतं!" बायको ताडकन उठली. "डॉक्टर, मी सांगते तुम्हाला. त्या मालाला फेसच नव्हता! आता ह्यांच्याकडून चूक झाली ती झाली, माणूस आहे, मी काही पाठीशी घालणार नाही. पण मी होते म्हणून निभावलं. रोज मूठ मूठ पावडर टाकली मी त्यात, नंतर दोन दोन मुठी. नाहीतर अख्खा वॉर्ड आडवा झाला असता!"

"कसली पावडर?" डॉक्टरांनी विचारलं.

"कपड्यांची. चांगली, सुवासिक."

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. "याचा काही संबंध आहे?"

आता विचारलंच होतं. बाईंनी पर्समधून कागद काढला आणि शक्य तितक्या हळू आवाजात सगळं सांगितलं. माल आणि साबण एकत्र आले की दोघंही जातात. बादलीत काहीच उरलं नव्हतं. आठ महिने फरशी सुवासिक पाण्याने पुसली गेली होती. आणि गेले दोन दिवस पावडर बंद आहे, तर आजच्या बशीत ठिपके नाहीत.

बायको उभीच राहिली. तिला बसायचं सुचलं नाही. मग ती नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला कधी कळलं?"

"परवा. बादली बघून."

"आणि आधीची दोन पिंपं?"

त्याने मान हलवली.

"चांगली होती?"

"हो."

"मग तुम्ही सगळ्यांसमोर आपल्या हाताने आपल्या मालाला..." ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचं वाक्य निम्म्यावर तुटलं. ती रडायला लागली. मुकादमी जाणार हे तिला कळलं होतं, पण ती त्यासाठी रडत नव्हती. तिला त्याचा भयंकर राग आला होता आणि तो तिला इतका आवडला होता की दोन्ही एकदम सोसवेना.

निकाल तिथेच लागला. मुकादमी काढून घेतली, सहा महिने तिने तिच्याच हाताखालच्या बाईच्या हाताखाली काम करायचं. मालकांनी जिन्यात त्याला गाठलं. "गिऱ्हाईकासमोर चांगल्या मालाला खराब म्हणालास. उद्यापासून हंडा तू चालव, सही बाई करतील." त्याने मान डोलावली. शिक्षा योग्यच होती असं त्याला वाटलं आणि तरी जिन्याचा कठडा धरून तो जरा वेळ थांबला.

बायको मात्र थांबली नाही. ती तडक सात नंबरच्या खाटेशी गेली. तो मागून पोचला तेव्हा ती म्हातारबाबांसमोर उभी होती, हात पदरात गुंडाळून.

"आजोबा, तुमचे टाके माझ्यामुळे पिकले."

म्हातारा उशीवरून बघत राहिला. "नाही गं. वय झालं माझं. डॉक्टर म्हणाले."

"वय नाही. शरीर तुमचं ठणठणीत आहे." मग तिने जे वाक्य उच्चारलं ते चोवीस वर्षांत तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. "फरशी घाण होती. मी पुसलेली."

तिने सगळं सांगितलं, पावडरीसकट. म्हातारा ऐकता ऐकता कोपरावर रेलून उठला. ती शिव्या खायला तयार होती. तो शिव्या देणार असंच दिसत होतं.

"म्हणजे मी ठीक होतो?"

"हो."

"मी मरायला टेकलो नव्हतो?"

"नाही हो."

म्हाताऱ्याने स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले. दोन्ही हातांना घट्टे होते. त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग लाल झाला. "मग मी माझी हत्यारं का देऊन टाकली?" तो ओरडला. "रंधे, करवती, पटाश्या, सगळं! गेल्या आठवड्यात पुतण्याला बोलावून दिलं मी! पन्नास वर्षांचं सामान! शरीर गेलं म्हणून दिलं ना!"

शेजारच्या खाटेवरच्याने कूस बदलली.

"पत्ता सांगा," नवरा म्हणाला.

पुतण्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. अजून उजेड होता. दार उघडताच आत भिंतीला लावलेली सुताराची पेटी दिसली, वर कुणीतरी इस्त्रीचे कपडे ठेवले होते. पुतण्याने दोघांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आजोबांची हत्यारं न्यायला आलोय," तो म्हणाला.

"तुम्ही त्यांचे कोण?"

उत्तर द्यायचं काम एरवी बायकोचं. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं.

"आम्ही त्यांना आजारी पाडलं," तो म्हणाला. "ते आता बरे होणार आहेत. त्यांना कामाला लागायचंय."